पद्मिनीला अॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा: गेटवर तापते, घाटातही तापते

शहापूरकर_पद्मिनी

नमस्कार मंडळी. घरी १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, १०८९ सीसी, इंजिन मूळचंच. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. रोज बेळगावात शहापूर ते उद्यमबाग जाणं-येणं आणि अधूनमधून चोर्ला घाटामार्गे गोवा, एवढा तिचा वापर.

यंदा उन्हाळ्यापासून तापायला लागली आहे. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं आणि रांगेत उभं राहावं लागलं की तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. गोव्याहून येताना केरी सोडून घाट चढायला लागलं की अर्ध्यावर रेडिएटरच्या टोपीतून शिट्टी येते, पाणी बाहेर पडतं. मग बाजूला घेऊन बोनेट उघडून बसायचं. सोबत आई असते, तिला ते उन्हात बसणं झेपत नाही.

मेस्त्री म्हणतोय, जुना तांब्याचा रेडिएटर काढून टाका, तयार अॅल्युमिनियमचा मिळतो तो घाला, आणि इंजिनवरचा पंखा काढून मारुती ८०० चा इलेक्ट्रिक पंखा लावा. कुणी केलंय का? काय बघून घ्यावं? खर्च करायची तयारी आहे, पण एकदाच करायचं आहे.

उद्यमबाग_टर्नर

दादा, काही विकत घ्यायच्या आधी एक शोधा. गाडी उभी असताना तापते, पळताना तापते, की दोन्ही वेळा? कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे.

गेटवर उभं असताना समोरून वारा नाही. पद्मिनीचा पंखा वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) पुलीवर बसलेला, म्हणजे इंजिन फिरेल तसाच तो फिरणार. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन मिनिटाला सातआठशे फेऱ्यांवर असतं, पंखाही तितपतच. जेव्हा हवा सगळ्यात जास्त लागते तेव्हाच तो सगळ्यात हळू असतो. इथं इलेक्ट्रिक पंखा खरोखर कामाचा, कारण तो इंजिनच्या वेगावर अवलंबून नाही.

पण सपाट हायवेला साठ-सत्तरच्या वेगात काटा चढत असेल तर पंख्याला दोष देऊ नका. त्या वेगाला समोरचा वाराच पुरतो. तिथं तापली म्हणजे रेडिएटरची जाळी आतून बुजली आहे, वॉटर बॉडीचं पातं खाल्लंय, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडत नाही, ठिणगीचं टायमिंग मागं गेलंय किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग) सुटायला लागलंय. यातलं एकही इलेक्ट्रिक पंख्यानं बरं होत नाही.

घाट म्हणजे दोन्हीच्या मधलं. दुसऱ्या गिअरला वेग कमी आणि लोड पूर्ण, त्यामुळं तिथं सगळेच दोष उघडे पडतात.

सकाळी गारव्यात काकतीवरून हत्तरगीच्या बाजूला एकसारख्या वेगानं चालवून या आणि काटा काय म्हणतो ते सांगा.

शहापूरकर_पद्मिनी

जाऊन आलो. सपाटीला काटा पूर्वीपेक्षा वर राहतो, पण उकळत नाही. वंटमुरीच्या चढाला आणखी वर गेला, आणि उतार लागल्यावरही लवकर खाली आला नाही.

चिकोडीचा_उसवाला

उतारालाबी काटा खाली येईना म्हणजे पाणी थंडच होईना की ओ. आधी एक फुकटातलं काम करा. ग्रिल काढा आणि रेडिएटरची पुढची बाजू डोळ्यानं बगा. आमच्याकडं साखर कारखाने सुरू झाले की संकेश्वर-चिकोडी रस्त्यावर डब्बल ट्रॉलीच्या मागं बैलगाडीच्या चालीनं जावं लागतंय. उसाचं पाचट, धूळ, बारीक काडीकचरा सगळा जाळीत बसतोय. वरनं पाऊस पडला की त्याचा गिलावा होतोय. आमच्या जीपची जाळी लांबनं बरी दिसायची, पण मागं बॅटरी धरली तर उजेडच पलीकडं येईना.

पाणी मारताना इंजिनच्या बाजूनं पुढं मारायचं, पुढनं मागं नाही, नाहीतर कचरा आणखी आत जातोय. आणि गाडी धुवायच्या जोराच्या पंपानं तर अजिबात नको. पत्र्याच्या पात्या झोपतात, मग हवा जायची वाटच बंद.

उद्यमबाग_टर्नर

चिकोडीकर बरोबर सांगतात, तेच आधी करा. त्यानंतर पुढच्या तपासण्या याच क्रमानं करा.

इंजिन थंड असताना टोपी उघडा आणि चालू करा. पाण्यात सतत बारीक बुडबुडे येत राहिले, किंवा तेलाच्या टोपीखाली दुधाळ चिकट थर दिसला, तर हेड गॅस्केटकडे वळा. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा आहे. वारंवार उकळली की हेड वाकडं होतं. मग हेड उतरवून फेसिंग मारल्याशिवाय (घासून सपाट केल्याशिवाय) गत्यंतर नाही, आणि तोवर नवा रेडिएटर घालणं म्हणजे पैसे फुकट.

बुडबुडे नसतील तर इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि तापमान मोजायची लाल ठिपक्याची बंदूक कुणाकडून तरी आणा. रेडिएटरवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे ठिपका फिरवा. आकडा वरून खाली हळूहळू उतरला पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही.

टोपीचं रबर आणि स्प्रिंग बघा. पाण्यावर दाब असला की ते उशिरा उकळतं. दर एक पीएसआय (दाबाचं माप) मागं उकळबिंदू दीड-पावणेदोन अंशांनी वर जातो. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, इथं उघड्या भांड्यातलं पाणी शंभरच्या आधीच, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला उकळतं. टोपी दाब धरत नसेल तर घाटमाथ्यावर तुमच्याकडे काहीच शिल्लक राहत नाही. मात्र म्हणून जास्त दाबाची टोपीही लावू नका. जुन्या डाखाचे जोड आणि होज पाईप तो दाब सोसत नाहीत. मूळ टोपीवर जो आकडा आहे तोच घ्या.

डेल्कोचं (ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) टायमिंग लाईट लावून बघून घ्या. ठिणगी उशिरा पडली की जळण सिलिंडरात संपायच्या ऐवजी एक्झॉस्टकडे जात-जात जळत राहतं आणि ती उष्णता हेड आणि पाण्यात शिरते.

खडेबाजार_जुनीगाडी

माझं मत वेगळं आहे आणि ते ठाम आहे. तांब्या-पितळेचा रेडिएटर फेकू नका. उष्णता वाहून नेण्यात तांबं अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी सरस. मूळ टाक्या ठेवून नवी जाळी भरून घ्या, गाडी कंपनीतून आली तशी राहील. आणि उद्या कणकुंबीच्या जंगलात दगड लागून नळी फुटली तर तांब्याला कुणीही डाख देईल. अॅल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं, ते रस्त्यात कुठं मिळणार? प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर तेही नाही, टाकी तडकली की विषय संपला.

आणि मूळ पंख्यात बिघडण्यासारखं काही नाही. त्याला फ्यूज नाही, वायर नाही. चाळीस वर्षं चाललेली वस्तू आपण का बदलतो याचा विचार करा.

खानापूर_रानवाट

खडेबाजार काका, तुमच्या शब्दाला मान आहे, पण माझ्या पद्मिनीला अॅल्युमिनियमचा रेडिएटर लावून बरेच पावसाळे झाले. खानापूर, जांबोटी, चोर्ला हा माझा रोजचा पट्टा. धातू म्हणून तांबं पुढं हे खरं, पण जुन्या रेडिएटरात नळी आणि पात्या यांच्यामध्ये डाखाचा थर असतो, आणि डाख उष्णता नीट नेत नाही. अॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद आणि चपट्या करता येतात, पात्या थेट त्यांना जोडलेल्या असतात, वजनही निम्म्याच्या आसपास. शेवटी हिशोब जवळपास सारखाच येतो.

घ्यायचाच तर पूर्ण अॅल्युमिनियमचा, टाक्यांसकट वेल्ड केलेला घ्या. आणि नळ्यांच्या “तीन ओळी, चार ओळी” ऐकून भुलू नका. जाळी जितकी जाड तितकी हवा आरपार जायला अवघड, आणि आपली अडचण हवेचीच आहे. दोन ओळींची, रुंद नळ्यांची पुरते.

अनगोळच्या_बाई

मी केमिस्ट्री शिकवते आणि घरच्या जुन्या गाडीचं पाणीही मीच बघते, म्हणून या भागाबद्दल लिहिते.

वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या इंजिनात काय होतं ते नीट समजून घ्या. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होऊन खाली बसतात, आणि जिथं सगळ्यात जास्त गरम तिथंच सगळ्यात जास्त बसतात, म्हणजे सिलिंडरच्या भोवती. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर दिसतो तोच हा. धातूच्या मानानं तो उष्णतेला अडवतो. काटा जे पाणी मोजतो ते कदाचित बरं असेल, पण थराच्या पलीकडचं लोखंड त्याहून पुष्कळ तापलेलं असतं.

दुसरं, तुमच्या गाडीत आता बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, पितळेचा थर्मोस्टॅट आणि वर नवा अॅल्युमिनियमचा रेडिएटर, एवढे धातू एकाच पाण्यात बुडणार. साध्या पाण्यात यांची एक बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं अॅल्युमिनियम. पाण्यात क्लोराइड असतील तर बारीक भोकं पडतात. म्हणून कूलंट फक्त थंड प्रदेशासाठी असतं, आपल्याकडं काय गरज, हे कृपया कुणी सांगू नका. आपल्याला त्यातल्या ग्लायकॉलइतकीच, किंबहुना जास्त, गरज आहे ती त्यातल्या गंजरोधक द्रव्यांची. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी आणि डब्यावर लिहिलेलं प्रमाण, एवढं पाळा. रंगावरून दोन कंपन्यांचे कूलंट एकत्र करू नका, रंगाला काही ठरलेला अर्थ नाही.

आणि जुनं कूलंट गटारात किंवा परड्यात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री, मांजरं, वासरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. डब्यात भरून झाकण लावून ठेवा.

शहापूरकर_पद्मिनी

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं वाचून घरातला बोअरच्या पाण्याचा कॅन गॅरेजमधून बाहेर काढला.

तपासणी झाली. बुडबुडे नाहीत, तेल स्वच्छ. टायमिंग थोडं मागं होतं, जुळवलं. टोपीचं रबर दगडासारखं झालं होतं, बदललं. बंदूक लावली तर रेडिएटरचा खालचा, उजव्या अंगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गार. रेडिएटरवाल्यानं वरची टाकी डाख सोडवून उघडली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. नळ्यांची तोंडं पांढऱ्या-तांबूस खपल्यांनी भरलेली. त्यानं पोलादी पट्टी एकेका नळीत घालून बघितली, कितीतरी नळ्यांत ती बोटभरही उतरली नाही. आणि जाळीच्या पात्यांवर अंगठा दाबला तर त्या पापडासारख्या चुरत होत्या, हिरवी पूड खाली पडत होती. तो म्हणाला, याला रॉडिंग करून (नळ्यांत पट्टी घालून साफ करून) उपयोग नाही, पट्टी जोरात घातली तर नळी फाटेल.

तांब्याची जाळी भरून देणारा इथं आहे, पण मापाची जाळी बाहेरून मागवावी लागेल आणि नक्की केव्हा येईल ते तो सांगू शकत नाही. म्हणून अॅल्युमिनियमचाच घेतोय. काका, जुन्या टाक्या जपून ठेवल्या आहेत, टाकल्या नाहीत.

आता पंख्याचं बोला. माझ्या गाडीला वीज तयार करायला अजून जुना डायनॅमोच आहे, अल्टरनेटर नाही.

खडेबाजार_जुनीगाडी

जाळीची अवस्था अशी असेल तर माझी हरकत नाही. टाक्या ठेवल्यात हे चांगलं केलंत. आतून स्वच्छ करून कोरड्या ठेवा.

निपाणीचा_वायरमन

डायनॅमो आहे म्हटल्यावर आधी बेरीज करा, मग पंखा. मारुती ८०० च्या मापाचा पंखा चालताना आठ ते दहा अँपिअर घेतो, सुरू होतानाच्या क्षणाला त्याच्या दोन-तीन पट. हेडलाईटचे दोन पंचावन्न वॅटचे बल्ब म्हणजे नऊ-एक. वायपर तीन-चार, इग्निशन तीन-चार. पावसात, रात्री, गर्दीत उभं राहिलात की पंचविशीच्या घरात गेलात. जुने डायनॅमो वीस अँपिअरच्या आतबाहेरचे, तेही इंजिन पळवल्यावर. आयडलिंगला ते जवळपास काहीच देत नाहीत, कटआउट (डायनॅमोचा आपोआप चालणारा स्विच) त्यांना बॅटरीपासून तोडूनच टाकतो. म्हणजे गेटवर उभं असताना पंखा पूर्ण बॅटरीवर चालणार. तुम्हाला पंखा हवाय तो नेमका गेटवर. म्हणून अल्टरनेटर आधी, पंखा नंतर. नंतरच्या पद्मिन्यांना अल्टरनेटर येत होता, ब्रॅकेटसकट जुन्या मालात मिळून जातो. बसवताना पुली वॉटर बॉडीच्या पुलीशी एका रेषेत आहे याची पट्टी लावून खात्री करा, नाहीतर बेल्ट कडेनं कातरत जातो.

आता वायरिंग. पंख्याचा करंट इग्निशन स्विचमधून न्यायचा नाही, त्या स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात. चार पिनांचा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. पिन ३० ला बॅटरीची वायर, मध्ये वीस अँपिअरचा फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज लांब ठेवला तर फ्यूज आणि बॅटरी यांच्यातली वायर घासून बॉडीला लागली की आगच. पिन ८७ वरून पंखा. ८६ ला इग्निशनची वायर, ८५ थर्मोस्विचकडं (तापमानावर चालू-बंद होणारा स्विच) आणि तिथून अर्थला, म्हणजे बॉडीला. वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या खाली नको, लांबी जास्त असेल तर चार. जोड पिळून टेप गुंडाळायचे नाहीत, लग दाबून घ्या आणि वर स्लीव्ह घाला.

८६ इग्निशनला का? म्हणजे चावी काढल्यावर पंखा बंद. थेट बॅटरीवर ठेवला तर गाडी बंद केल्यावरही फिरत राहतो, आणि जुन्या बॅटरीला ते परवडत नाही.

उद्यमबाग_टर्नर

वायरमननी थर्मोस्विच म्हटलं, त्याबद्दल दोन गोष्टी.

स्विच जर वरच्या गरम होज पाईपमध्ये, अॅडॉप्टर घालून बसवणार असाल तर त्याचा बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्यापेक्षा वर हवा. थर्मोस्टॅट ८२ ला उघडत असेल तर ९२ ला सुरू, ८७ ला बंद हा स्विच चालतो. ८० ला बंद होणारा घातलात तर पंखा सुरू होईल तो बंदच होणार नाही, कारण वरचं पाणी तितकं खाली कधी जातच नाही. खालच्या टाकीत बसवला तर तिथलं पाणी थंड होऊन आलेलं असतं, तिथं आकडे कमीचे लागतात.

दुसरी गोष्ट, स्विच दोन वायरींचाच घ्या. अॅल्युमिनियमचा रेडिएटर बॉडीला धातूनं टेकवायचा नाही. खाली रबराच्या गाद्या, वर रबराचे बुश, बोल्टलाही रबराची नळी. धक्के बसत नाहीत हा एक फायदा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॉडीतून भटकणारा करंट रेडिएटरच्या पाण्यातून जात नाही. त्या करंटनं नवा रेडिएटर थोड्याच काळात आतून भोकं पडून गळायला लागतो. आणि रेडिएटर रबरावर बसला की एका वायरीच्या स्विचला अर्थ मिळत नाही. पंख्याची अर्थही रेडिएटरला नको, सरळ बॉडीला किंवा बॅटरीला न्या.

काम झाल्यावर मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक रेडिएटरच्या पाण्यात, धातूला न लावता, बुडवून बघा. इंजिन चालू, लाईट, पंखा सगळं चालू. पॉइंट एक व्होल्टच्या आसपास किंवा खाली असेल तर ठीक. पॉइंट तीनच्या वर गेलं तर कुठली तरी अर्थ खराब आहे. इंजिन ते बॉडी ही अर्थच्या तारांची जाड वेणी बहुतेक जुन्या गाड्यांत गंजलेली असते, तिच्यापासून सुरुवात करा.

शहापूरकर_पद्मिनी

पंखा पुढून ढकलणारा लावू की मागून ओढणारा? मेस्त्री आता म्हणतोय पुढून लावू, म्हणजे इंजिनचा पंखाही राहील.

खानापूर_रानवाट

मागं जागा असेल तर मागून ओढणारा. पुढं लावला की त्याची मोटर आणि पाती हायवेला येणारा वारा अडवतात, आणि पावसात सगळा चिखल मोटरवर. पुढचा पंखा ही जागा नसेल तेव्हाची सोय. आणि ढकलणारा पंखा वायर उलटी करून ओढणारा करता येतो असं कुणी सांगेल. मोटर उलटी फिरते खरी, पण पात्याचा बाक एका दिशेसाठीच असतो, उलटा फिरवला की आवाज जास्त आणि हवा कमी.

श्राउड (पंख्याभोवतीचं, पूर्ण जाळी झाकणारं पत्र्याचं आवरण) मात्र पाहिजेच. नुसता गोल पंखा जाळीला टेकवला तर तो आपल्या गोलापुरतीच हवा ओढतो, चारी कोपरे कोरडे. श्राउड केला की पूर्ण जाळीतून हवा येते. पातं आणि जाळी यात निदान दोन-अडीच सेंटिमीटर अंतर राहू द्या. बंद श्राउड हायवेला वारा अडवतो, म्हणून कोपऱ्यांत चौकोनी भोकं पाडून त्यांवर रबराच्या झडपा लावतात. पंखा चालू असताना त्या चिकटतात, वेगात उघडतात. मी ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या केल्या आहेत.

जाळीच्या आरपार जाणारे प्लॅस्टिकचे टाय देतात पंख्याबरोबर, ते वापरू नका. थरथरीनं ते नळी कापतात.

उद्यमबाग_टर्नर

मागं जागा आहे की नाही हे अंदाजानं ठरवू नका. इंजिनचा पंखा काढा, नवा रेडिएटर जागेवर धरा, वॉटर बॉडीच्या पुलीच्या नाकावर शाडूचा गोळा चिकटवा आणि पंख्याची मोटर तिथं येईल तशी दाबून बघा. गोळा किती चेपला ते स्केलनं मोजा. दीड-दोन सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, कारण जोरात ब्रेक मारला की इंजिन रबरी फाउंडेशनवर पुढं येतं.

पंखा काढल्यावर त्याचे जुने बोल्ट तसेच परत मारू नका. पंख्याच्या पत्र्याची आणि स्पेसरची जाडी गेली, त्यामुळं बोल्ट टेकतो पण पुली ढिली राहते. तेवढे आखूड बोल्ट घ्या किंवा तेवढ्याच जाडीचा वॉशर टर्न करून घाला. बेल्ट तसाच राहणार, वॉटर बॉडी आणि अल्टरनेटर त्यावरच आहे.

नवा रेडिएटर जोडायच्या आधी ब्लॉक धुवा. ब्लॉकचा ड्रेन नट काढा, थर्मोस्टॅट काढा आणि वरून होजनं पाणी सोडा, खालून स्वच्छ येईपर्यंत. नट काढूनही पाणी येत नसेल तर आत गाळ घट्ट बसलाय, तारेनं मोकळा करा. ही खपली राहिली तर ती थेट नव्या नळ्यांत जाऊन बसेल. एवढं करूनही सुरुवातीचे काही दिवस वरच्या होज पाईपच्या रेडिएटरकडच्या तोंडात नायलॉनच्या मोज्याचा तुकडा गाळणी म्हणून बसवून ठेवा आणि रोज काढून बघा.

शहापूरकर_पद्मिनी

बसवलं. क्रमानं सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ब्लॉकमधून जे निघालं ते बघून आईसुद्धा बाहेर आली. गंजाचा लाल चिखल आणि त्यात चुन्याच्या खपल्या. ड्रेन नटातून सुरुवातीला एक थेंबही येत नव्हता, मेस्त्रीनं जुन्या क्लच केबलची तार घालून घालून मोकळं केलं. मोज्याच्या गाळणीत पहिल्या दिवशी चमचाभर खडी मिळाली, नंतर कमी होत होत आता काही येत नाही.

रेडिएटर मूळच्या खिळ्यांवर बसला नाही, उद्यमबागेत एका वर्कशॉपमधून चार ब्रॅकेट करून घेतले. बारा इंची पातळ पंखा मागून लावला, शाडूच्या हिशोबानं जागा पुरली. श्राउड दीड मिलिमीटर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, झडपा ट्यूबच्या. अल्टरनेटर जुन्या मालातून आणला, तपासून, बेअरिंग बदलून. वायरिंग निपाणीकरांच्या सांगण्याप्रमाणे. मल्टिमीटरवर सुरुवातीला पॉइंट चारच्या वर दाखवत होतं. इंजिनची वेणी बदलली आणि ते पॉइंट एकच्या खाली आलं.

हवा काढायला गाडीचं तोंड चढाला करून उभी केली, टोपी उघडी ठेवून चालू केली. थर्मोस्टॅट उघडला तसं पाणी एकदम खाली गेलं, भरत राहिलो.

गेटवर आता पंखा सुरू होतो, काही वेळ चालतो आणि आपोआप बंद होतो. काटा मध्यावरून हलत नाही.

खानापूर_रानवाट

आणि घाट?

शहापूरकर_पद्मिनी

कालच जाऊन आलो, मुद्दाम भर दुपारी. साखळी, केरी करून चढायला लागलो, पुढं मालाचा ट्रक, त्यामुळं दुसरा गिअर आणि कधी पहिलासुद्धा. पंखा चढावर जवळपास सतत चालू होता. काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि तिथंच थांबला. शिट्टी नाही, पाणी नाही. चोर्ल्याच्या माथ्यावर सपाटी लागल्यावर पंखा बंद झाला. आई पुढच्या सीटवर झोपली होती.

टर्नरदादा, एक म्हणायचं राहिलं. नुसता पंखा लावला असता तर गेटचा त्रास गेला असता आणि मी घाटात फसलो असतो. आधी तपासायला लावलंत, त्याचे आभार.

हुक्केरीची_अँबॅसिडर

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे आजोबांची मार्क टू अँबॅसिडर आहे. तिच्यात बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे, निगेटिव्ह नाही. तिला हेच वायरिंग चालेल का?

निपाणीचा_वायरमन

चालेल, पण दिशा उलटी करून. त्या काळच्या ब्रिटिश रचनेच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायची, ती बघूनच हात घाला. तुमच्याकडं जिवंत वायर निगेटिव्हची, म्हणून फ्यूज तिच्यावर, बॅटरीजवळ. निगेटिव्ह, फ्यूज, रिलेची ३०, मग ८७ वरून पंख्याची निगेटिव्ह वायर. पंख्याची पॉझिटिव्ह बॉडीला. पंख्याच्या बॉडीला आतून कुठली वायर जोडलेली नाही ना, ते मीटरनं आधी तपासा, जोडलेली असली तर तो पंखा घेऊ नका.

रिले घेताना आत डायोड नसलेला मागा. डायोडवाला उलटा जोडला गेला की पहिल्या क्षणाला जातो. साध्या गुंडाळीच्या रिलेला उलटसुलट काही फरक पडत नाही. अल्टरनेटर मात्र तसाच लावता येणार नाही. तो निगेटिव्ह अर्थचा असतो, म्हणजे आधी गाडीची अर्थ बदलावी लागेल, आणि मग अँमीटर, रेडिओ सगळं बघत जावं लागेल. ते काम गाडी समोर असल्याशिवाय सांगत नाही, निपाणीला घेऊन या.

आणि पंखा जोडल्यावर ग्रिलच्या बाजूनं जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा. चिकटून राहिला तर पंखा बरोबर ओढतोय. उडून पुढं आला तर पंख्याच्या दोन वायरी अदलाबदल करा.